जुगाराच्या दुकानाचा जमाखर्च

महाराष्ट्रात कॅसिनो नाही, आणि तरीही कॅसिनोंचे नियंत्रण कसे करावे व त्यांच्यावर कर कसा बसवावा हे सांगणारा एक कायदा या राज्याच्या दप्तरात ४७ वर्षे पडून होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १९७६ साली विधिमंडळाने संमत केलेला ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’ अमलात आणण्याची अधिसूचना कोणत्याही पक्षाच्या सरकारने कधी काढली नाही. मधूनमधून कोणी न्यायालयात दाद मागे, वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा होई, आणि अखेर २०२३ च्या ऑगस्टात राज्य मंत्रिमंडळाने तो रद्दच करण्याचा निर्णय घेतला. गंमत अशी की त्याच १९७६ साली शेजारच्या गोव्याने, जो तेव्हा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता, जुगाराला बंदी करणारा कायदा केला. पुढे घडले ते अगदी उलटे. ज्याने परवानगीचा कायदा केला त्याच्या भूमीवर एकही कॅसिनो उभा राहिला नाही. आणि ज्याने बंदीचा केला त्याच्या कायद्यात १९९२ साली १३-अ हे कलम घुसले व पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्याची मुभा मिळाली, १९९६ साली जलयानांवर टेबलाचे खेळ मांडण्याची सोय झाली, आणि आज पणजीपुढे मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी जहाजे रात्रभर नांगर टाकून उभी असतात.

त्या जहाजांचा विचार पुलगावच्या माणसाने कशासाठी करावा, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, ज्या व्यवहारावर ही जहाजे तरंगतात त्याची ओळख आमच्या गावाला नवी नाही. वर्धा नदीच्या काठचे, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, एके काळी आर्वीकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचे जंक्शन असलेले आणि कापड गिरणीच्या भोंग्यावर आपला दिवस लावून घेतलेले हे गाव कापसावर वाढले; आणि मुंबईत ज्याला ‘आकडा’ म्हणत व पुढे जो ‘मटका’ या नावाने सबंध राज्यभर पसरला, त्याचा जन्मही कापसाच्या पोटीच झालेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईच्या कापूस बाजाराला तारेने भाव कळवले जात. सकाळी उघडताना भाव काय निघेल आणि बंद होताना काय राहील यावर लोक पैसे लावीत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे आजही मटक्यात चालणारे शब्द त्या बाजाराच्या उघडण्या-मिटण्याचे आहेत. १९६०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कहून ते भाव येणे बंद झाले, पण खेळणाऱ्यांची तलफ काही बंद झाली नाही. तेव्हा कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी कापसाला रजा देऊन नुसते आकडेच काढण्यास सुरुवात केली. पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक तो ‘ओपन’. दोन, पाच व आठ निघाले तर बेरीज पंधरा, म्हणून आकडा पाच.

आता या आकड्याचा हिशेब पाहावा, कारण सारे मर्म त्यात आहे. शून्य ते नऊ असे दहा अंक. त्यांपैकी एकावर रुपया लावला व तो लागला, तर रूढ दराने नऊ रुपये मिळत. जोडीचे प्रकार शंभर, आणि जोडी लागली तर नव्वद. म्हणजे दहा माणसांनी दहा अंकांवर एकेक रुपया लावला तर पैजा घेणाऱ्या खायवळाकडे दहा रुपये जमा झाले आणि त्याने नऊ वाटले. कोणाचा अंक लागला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बाजार समितीतल्या अडत्याला कापसाचा भाव चढला काय आणि उतरला काय, तोललेल्या मालावरची आपली अडत सुटली की भागते. जुगाराचा धंदा चालवणारा हा त्याच जातीचा व्यापारी होय. गावगन्ना तीन पत्तीच्या अड्ड्यावर प्रत्येक डावामागे जो ‘नाल’ काढतात, तोही हाच. खेळणारे आपसात जिंकोत वा हरोत, जागेचा मालक दर डावाला आपले काढून घेतो आणि पहाटेपर्यंत एकही पत्ता हातात न धरता सर्वांत अधिक पैसा त्याच्याच खिशात गेलेला असतो.

हा नाल राजाने घ्यावा, खासगी माणसाने घेऊ नये, एवढाच कौटिल्याचा आग्रह होता. अर्थशास्त्रात त्याने द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला, द्यूत एकाच नियत ठिकाणी चालावे असा हुकूम केला, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड ठेवला, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करण्याचा, शिवाय फासे, पाणी आणि जागा यांचे भाडे घेण्याचा अधिकार त्या अध्यक्षाला दिला. परवाना, इजारा, नियत जागा, खरे फासे, देखरेख आणि महसूल: मांडवीवरच्या व्यवस्थेत आज जे जे आहे त्याचा आराखडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात आलेला आहे. नाही म्हणायला फुकट जेवण कौटिल्याला सुचले नव्हते.

कॅसिनोतला नाल मात्र उघड काढीत नाहीत; तो खेळाच्या रचनेतच बसवलेला असतो. रूलेटचे चक्र घ्या. त्याला एक ते छत्तीस अशी घरे असतात, अठरा लाल आणि अठरा काळी, आणि शिवाय एक हिरवे शून्य, एकूण सदतीस. एखाद्या अंकावर रुपया लावला व गोळी तेथेच थांबली तर पस्तीस रुपये मिळतात आणि लावलेला रुपया परत येतो, म्हणजे हातात छत्तीस. घरे सदतीस, देणे छत्तीस. लाल-काळ्यावर लावले तर दुप्पट मिळते खरे, पण सदतिसांतून अठराच वेळा. कोणत्याही बाजूने गेले तरी शंभर रुपयांमागे दोन रुपये सत्तर पैसे चक्राच्या मालकाकडे राहतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या चक्रात दोन शून्ये असल्यामुळे तेथे हाच आकडा सव्वापाच रुपयांवर जातो. बॅकरा नावाच्या पत्त्यांच्या खेळात तो रुपया-सव्वा रुपया इतका खाली येतो; आणि त्याच टेबलावर ‘बरोबरी होईल’ अशी पैज लावणाऱ्या उत्साही माणसाकडून, आठपट देण्याचा रूढ दर असेल तर, शेकडा चौदा रुपयांहून अधिक घेतले जातात. ज्या पैजेची बक्षिसी डोळ्यांत भरते तिचा नाल बहुधा जबर असतो.

मटक्यात शेकडा दहा आणि रूलेटमध्ये शेकडा पावणेतीन, मग कॅसिनोवाला एवढा श्रीमंत कसा? याचे उत्तर गतीत आहे. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघतो. चक्र तासाला चाळीस वेळा फिरते. समजा एक गृहस्थ दर फेरीला हजार रुपये लाल रंगावर लावून पाच तास बसला. त्याने दोनशे पैजा लावल्या, दोन लाखांची उलाढाल केली, आणि त्याच्या खिशातून सरासरीने ५,४०० रुपये गेले, ते त्याला जाणवलेही नाहीत, कारण मधूनमधून तो जिंकतही होता. दर हलका ठेवावा आणि उलाढाल भारी करावी, ही व्यापाराची जुनी रीत या धंद्यात प्रथम कोणी ओळखली असेल तर ती फ्रांस्वा ब्लाँ या फ्रेंच माणसाने. १८४३ साली जर्मनीतील होम्बुर्ग येथे त्याने आपल्या भावासह एकाच शून्याचे चक्र मांडले, म्हणजे स्वतःचा नाल जवळजवळ निम्मा करून टाकला, आणि दोन शून्यांच्या चक्रांकडचे गिऱ्हाईक ओढून घेतले. हाच ब्लाँ पुढे मोनॅकोत गेला, १८६३ साली तेथे कंपनी स्थापन झाली, आणि एका दरिद्री संस्थानाचे माँटे कार्लो झाले.

या सर्व गणिताची आठवण आम्हां वैदर्भीयांना एका वेगळ्या कारणानेही व्हावी. पुलगावापासून नदीने वर गेले की आर्वीच्या बाजूस पैलतीरी कौंडण्यपूर लागते. लोकश्रद्धेने तेच विदर्भराजाचे कुंडिनपूर, रुक्मिणीचे आणि दमयंतीचे माहेर. दमयंतीचा नल फाशांच्या खेळात राज्य हरला ही कथा सर्वांना ठाऊक असते, पण तो ते परत कसा जिंकला हे फार थोडे लोक लक्षात ठेवतात. बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचे सारथ्य करीत तो कुंडिनपुराकडेच निघाला असताना वाटेत राजाने एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते सांगितले. नलाने रथ थांबवून मोजणी केली, ती तंतोतंत जुळली, आणि आपल्या अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याने राजाकडून ‘अक्षहृदय’ ही विद्या मागून घेतली. थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज करणे आणि फाशांचे अंतरंग जाणणे या दोन गोष्टी महाभारतकाराने एकाच विद्येत घातल्या, हे मला त्या कथेतील सर्वांत विलक्षण वाटते. युरोपात या दोन गोष्टींना जोडणारा मोठ्या संख्येचा नियम याकोब बेर्नुली याने सिद्ध केला, तो ग्रंथ १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

तो नियम आमच्या कामापुरता असा सांगता येईल. लाल रंगावर एकदाच पैसे लावणारा माणूस शंभरांत सुमारे एकोणपन्नास वेळा जिंकतो, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा सामना. तोच शंभर पैजा लावून उठला तर फायद्यात असण्याची शक्यता शंभरांत छत्तीस. हजार पैजांनंतर एकोणीस. आणि दहा हजार पैजांनंतर हजारांत जेमतेम तीन. खेळणारा जितका अधिक वेळ बसेल तितके त्याचे नशीब झिजत जाते. मालकाच्या बाजूने पाहावे तर याचे दुसरे टोक दिसते: हजार-हजारांच्या दहा लाख पैजा त्याच्या टेबलांवर झाल्या, म्हणजे शंभर कोटींची उलाढाल झाली, तर त्याचा हिस्सा २ कोटी ७० लाखांच्या आसपास येणार, आणि चुकलाच तर तीस लाखांहून अधिक चुकण्याचा संभव जवळजवळ नाही. पाऊस, बोंडअळी आणि भाव या तिघांच्या मर्जीवर जगणाऱ्या आमच्या कास्तकाराला इतक्या निर्धोक उत्पन्नाची कल्पनाही करता येणार नाही. जुगाराच्या इमारतीत जुगार न खेळणारा एकच इसम असतो आणि तो तिचा मालक.

मात्र या निश्चिंतीला एक अट आहे. पैजा पुष्कळ आणि लहान असाव्यात. एकाच धनिकाने एकदम पाच कोटी लावले तर मालकही त्या क्षणापुरता जुगारी ठरतो. म्हणून प्रत्येक टेबलावर कमाल रक्कम नोंदवलेली असते. त्या मर्यादेने आणखी एक काम परस्पर साधते. हरलो की दुप्पट लावायचे, म्हणजे कधीतरी सारे भरून निघेल, अशी एक युक्ती प्रत्येक पिढीतील हुशार तरुणाला नव्याने सुचते. पाचशेपासून आरंभ केला आणि टेबलाची मर्यादा पन्नास हजार धरली, तर लागोपाठ सात हारींनंतर आठवी पैज चौसष्ट हजारांची पडते, ती लावता येत नाही, आणि पाचशे रुपये जिंकण्यासाठी निघालेल्याचे साडेत्रेसष्ट हजार गेलेले असतात. लागोपाठ सात हारी ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. सुमारे शंभर प्रयत्नांत एकदा ती वेळ येतेच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या एका चक्रावर काळा रंग ओळीने सव्वीस वेळा आला, आणि आता तरी लाल येणारच म्हणून दर फेरीला अधिकाधिक पैसे ओतणाऱ्यांची त्या रात्री धूळधाण उडाली. गोळीला मागचे काही आठवत नसते.

गणित असे निर्वेध असल्यामुळे कॅसिनोला खेळणाऱ्याच्या नशिबाचे भय नाही. भय आहे ते चोरीचे, आणि ती बहुधा आतल्या माणसाच्या हातून होते. यासाठी तेथे जो बंदोबस्त ठेवतात तो एखाद्या सरकारी तिजोरीला शोभावा असा असतो. ग्राहकाने नोटा दिल्या की टेबल चालवणारा डीलर त्या टेबलावर एकेक करून पसरतो, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसावी. मोठ्याने रक्कम उच्चारतो. मग पैशांऐवजी खेळण्याच्या चकत्या, म्हणजे चिप्स, मोजून देतो आणि त्या नोटा एका चपट्या फळीने टेबलातल्या फटीतून खालच्या कुलूपबंद पेटीत ढकलतो. ती पेटी त्याला उघडता येत नाही. ती दुसरीच माणसे उचलतात आणि तिसरीच मोजतात. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवतो, हातात चिप दडवलेली नाही याची ती साक्ष. डीलरवर निरीक्षक, निरीक्षकावर पिट बॉस, त्याच्यावर पाळीचा व्यवस्थापक, आणि या सर्वांवर एका बंद खोलीत पडद्यांपुढे बसलेली माणसे नजर ठेवून असतात, ज्यांचा वरिष्ठ मुद्दाम निराळा ठेवलेला असतो. परस्परांवर अविश्वास हीच येथील कार्यपद्धती आहे, आणि आमच्या कित्येक सहकारी संस्थांनी तिचा अभ्यास केला असता तर ठेवीदारांचे कल्याण झाले असते.

आता फुकटच्या पाहुणचाराविषयी. गोव्याच्या जहाजावर जाणारा माणूस प्रवेशशुल्क देतो, आणि त्यात जेवण, पेये, गाणी-नाच व काही चिप्सही मिळतात. त्या चिप्स एकदाच खेळण्याच्या, रोखीत न बदलणाऱ्या. ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याचा मान म्हणून गेल्या अर्धशतकापासून दारूबंदी आहे, तेथून गेलेल्या पाहुण्याला हा थाट विशेष भावतो असे म्हणतात. त्याविषयी अधिक न बोलणे बरे. पण या औदार्यामागेही त्रैराशिकच आहे. ग्राहक सरासरीने किती लावतो, तासाला किती पैजा खेळतो, किती तास बसतो आणि त्या खेळाचा नाल काय, या चारांचा गुणाकार केला की तो किती हरेल याचा अंदाज निघतो. वर सांगितलेल्या गृहस्थाचे ते ५,४०० रुपये तसेच निघाले. त्यांतला काही भाग खोली, भोजन किंवा मोटारीच्या रूपाने त्याला परत केला जातो. प्रत्यक्षात तो त्या दिवशी जिंकला की हरला हे पाहत नाहीत. जिंकलेल्याची सरबराई तर अधिकच होते, कारण पैसे घेऊन तो घरी गेला तर खरे नुकसान. उद्या पुन्हा आला तर गणित आपले काम करील.

धंद्याला नुसता नाल पुरत नाही, खर्चही आहेतच. गोव्यात टेबलावरचे खरे खेळ जहाजावरच चालवता येतात, म्हणून जमिनीवरची एक मोठी दिवाणखान्याची इमारत बांधण्याऐवजी जहाज विकत घ्यावे लागते, ज्याला कोठेही जायचे नसते. तरी त्याला खलाशी हवेत, तपासणी हवी, डिझेल हवे आणि धक्क्यापासून माणसे आणण्या-नेण्यास होड्या हव्यात. न जाणारे जहाज कधी अवेळी निघूनही जाते: २०१७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, ‘लकी सेव्हन’ नावाचे एक कॅसिनो-जहाज मिरामारजवळ वाळूत रुतून बसले होते. परवान्याचे वार्षिक शुल्क कोटींच्या घरात असते. मांडवीतून ही जहाजे हलवावीत अशी मागणी वर्षानुवर्षे होते, आणि सरकारे मुदतवाढ देत राहतात, कारण त्या शुल्काची राज्याच्या महसुलाला सवय झालेली आहे. या क्षेत्रातील प्रमुख डेल्टा कॉर्प ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तिचा ताळेबंद कोणालाही वाचता येतो. जुगाराच्या अड्ड्याचा ताळेबंद छापून भागधारकांना पाठवला जावा, ही गोष्ट मटकाकिंगांच्या स्वप्नातही आली नसेल.

कराच्या बाबतीत अलीकडे जे घडले ते मात्र या गणिताच्या मुळावर येणारे आहे. पूर्वी शेकडा २८ वस्तू-सेवा कर मालकाकडे उरलेल्या रकमेवर पडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ग्राहकाने चिप्ससाठी दिलेल्या संपूर्ण रकमेवर पडू लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचा दर ४० झाला. ग्राहकाने दहा हजारांच्या चिप्स घेऊन रात्रअखेर आठ हजार परत नेले, तर मालकाला उरले दोन हजार. पण कर दहा हजारांवर, म्हणजे उरलेल्याहून अधिक. हा भार अर्थातच कोणी मालक आपल्या अंगावर घेत नाही; दारातच तो ग्राहकाच्या रकमेतून कापून निघतो, आणि चक्राने पावणेतीन टक्के घेण्यापूर्वीच सरकारने आपला घसघशीत नाल घेतलेला असतो. कौटिल्याच्या शेकडा पाचाच्या मानाने ही प्रगती म्हणायची.

आणि तरीही सरकारांना या व्यवहाराची मनातून लाज वाटते, हे एका नियमावरून दिसते. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना माँटे कार्लोत खेळण्यास मनाई आहे. नेपाळने आपल्या नागरिकांना काठमांडूच्या कॅसिनोंपासून दूर ठेवले. सिंगापुराने २०१० साली दोन भव्य कॅसिनो उघडले तेव्हाच परदेशी पाहुण्याला प्रवेश फुकट आणि स्वतःच्या नागरिकाला शंभर डॉलर शुल्क अशी तजवीज केली, आणि २०१९ साली ते दीडशे केले. गोव्यानेही १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जाण्यास बंदी घातली. परवाना देणारे सरकार आणि परवाना घेणारा व्यापारी यांचे अन्य बाबतींत कितीही वाद असोत, गिऱ्हाईक परगावचे असावे यावर दोघांचे एकमत आहे. नागपुराहून मडगावकडे जाणारी गाडी पुलगावच्या फलाटावरूनच पुढे जाते. ती गोव्याला पोचल्यावर पणजीच्या धक्क्यावर ओळखपत्र मागतात. त्यावर पत्ता गोव्याचा असला तर त्या माणसाला परत फिरवावे असा नियम आहे, आणि वर्धा जिल्ह्याचा असला व वयाची २१ वर्षे पूर्ण असली, तर शुल्क घेऊन त्याला होडीत बसवतात.